दंतवैद्यांना सहकारी मिळवून देणारे डॉ. आर. अहमद

पनवेल : अक्कलदाढ आडवी उगवल्याचे क्ष-किरण चित्रात दिसले, की पनवेलमधील दंतवैद्य रुग्णाच्या हाती चिठ्ठी देतो आणि त्याला मुखशल्यचिकित्सकाकडे पाठवतो. वेडेवाकडे दात सरळ करायचे असतील तर दुसरा तज्ज्ञ, हिरड्यांचा जुना विकार असेल तर तिसरा. खर्च झेपणारा नसेल, तर कामोठे किंवा खारघरच्या दंत महाविद्यालयाचा रस्ता दाखवला जातो. रुग्णाला यात विशेष काही वाटत नाही. मात्र चिठ्ठी लिहिणाऱ्याला दोन गोष्टींची खात्री असावी लागते : ज्याच्याकडे रुग्ण जातो आहे तो रीतसर शिकलेला आहे आणि त्याच्यावर कायद्याचा अंकुश आहे. शंभर वर्षांपूर्वी भारतातील दंतवैद्याला अशी खात्री बाळगण्याची सोय जवळजवळ नव्हती. ती निर्माण करण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, ते डॉ. रफीउद्दीन अहमद. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिन देशात राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

डॉ. अहमद यांचा जन्म १८९० मध्ये पूर्व बंगालमध्ये झाला. दंतवैद्यक शिकण्यासाठी त्यांनी अमेरिका गाठली आणि १९१५ मध्ये आयोवा विद्यापीठाची पदवी मिळवली. त्यानंतर ते बोस्टनच्या फोर्सिथ दंत रुग्णालयात काम करू लागले. लहान मुलांसाठी असलेल्या या संस्थेत अनेक दंतवैद्य एकाच छताखाली काम करीत. एकट्याचा दवाखाना आणि अनेकांची संस्था यांतील फरक तेथे त्यांना जवळून पाहावयास मिळाला.

१९१९ मध्ये ते मायदेशी परतले. परदेशी पदवीच्या बळावर कलकत्त्यातील धनिकांचे दात तपासत सुखाने राहणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मात्र १९२० मध्ये दंत महाविद्यालय सुरू केले. देशातील हे अशा प्रकारचे पहिले महाविद्यालय मानले जाते. पैशाची अडचण त्यांनी गमतीशीर मार्गाने सोडवली. ‘न्यूयॉर्क सोडा फाऊंटन’ नावाचे आइस्क्रीमचे दुकान त्यांनी चालवले आणि त्याच्या उत्पन्नातून महाविद्यालयाचा खर्च भागवला. दातांचे शत्रू मानल्या जाणाऱ्या गोडाधोडानेच दंतवैद्यकाच्या शिक्षणाला असा हातभार लावला!

या महाविद्यालयाचा मुंबईशीही लवकरच संबंध आला. तेथे शिकलेल्या फातिमा जीना यांनी १९२३ मध्ये मुंबईत स्वतःचा दंत दवाखाना उघडला. स्त्रीने दंतवैद्य होणे ही त्या काळी नवलाची बाब होती. मुंबईतील नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय स्थापन झाले ते त्यानंतर दहा वर्षांनी, १९३३ मध्ये.

पदवीधर तयार झाले, तरी ते आपापल्या दवाखान्यात एकाकी राहिले तर व्यवसाय उभा राहत नाही, हे डॉ. अहमद यांनी ओळखले होते. १९२५ मध्ये त्यांनी बंगालमधील दंतवैद्यांची संघटना बांधली. पुढे तिच्यातूनच भारतीय दंतवैद्यक संघटना आकाराला आली. त्याच वर्षी त्यांनी दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले आणि दोन दशके त्याचे संपादन केले. १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकही लिहिले. एका दंतवैद्याला कळलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोहोचावी, यासाठीच हा सारा खटाटोप होता.

उरला होता तो कायद्याचा प्रश्न. रस्त्याच्या कडेला दात उपटणारा आणि चार वर्षे शिकलेला, दोघेही स्वतःला दंतवैद्य म्हणवत. डॉ. अहमद यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये बंगालमध्ये दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये देशभरासाठी दंतवैद्य कायदा आला. त्याने नोंदणीचे दोन भाग केले. पहिल्यात मान्यताप्राप्त पदवीधर, तर दुसऱ्यात पदवी नसली तरी किमान पाच वर्षे याच व्यवसायावर उपजीविका करणारे. जुन्यांच्या पोटावर पाय न देता नव्यांचा दर्जा राखण्याची ही तडजोड होती.

नेतृत्वाची खरी कसोटी संस्था सोडताना लागते. फाळणीने बंगालचे दोन तुकडे झाले आणि डॉ. अहमद यांची जन्मभूमी सीमेपलीकडे गेली. ते मात्र कलकत्त्यातच राहिले. स्वतःच्या कमाईतून उभे केलेले महाविद्यालय त्यांनी १९४९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारला देऊन टाकले. आपल्यामागे ते एका व्यक्तीवर अवलंबून राहू नये, याची तजवीज त्यातून आपोआप झाली. पुढे १९६२ पर्यंत त्यांनी डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या मंत्रिमंडळात काम केले. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि ९ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला. चौकटी बदलतात, तज्ज्ञांच्या शाखा वाढतात. परंतु आपल्याला जमणार नाही ते काम ज्याला जमते त्याच्याकडे रुग्णाला निःशंकपणे पाठवणे, हा दंतवैद्याचा मोठेपणा कायम आहे. पनवेलच्या एखाद्या दवाखान्यात लिहिली जाणारी दोन ओळींची चिठ्ठी त्याचीच खूण आहे. ती लिहिता यावी म्हणून कधी काळी कलकत्त्यात एका दंतवैद्याने आइस्क्रीम विकले होते.