नवशिक्यांसाठी पुस्तक सापडेना, म्हणून मुंबईच्या एका वकिलानं ते स्वतःच तयार केलं

शहापूर किंवा मुरबाडच्या एखाद्या पोरानं गिटार घेतली की पुढचा प्रश्न ठरलेला. शिकायची कुठून?

कल्याणला क्लास लावायचा तर शहापूरकरानं आसनगावहून लोकल पकडायची. मुरबाडकराला एसटीशिवाय गत्यंतर नाही. मग उरतो मोबाईल. तिथं व्हिडीओ ढीगभर, पण आधी कुठला बघायचा आणि नंतर कुठला, हे सांगणारं कुणी नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी अडचण याच्या उलटी होती. गाणं होतं, पण ते उस्तादांच्या गळ्यात. घराण्याची चीज बाहेरच्याला मिळणं मुश्किल. गुरूची मर्जी असेल तर शिका, नाहीतर घरी बसा.

ही कोंडी फोडायला एक वकील पुढं आला. त्यांचं नाव पंडित विष्णु नारायण भातखंडे.

त्यांचा जन्म 10 ऑगस्ट 1860 चा, मुंबईतल्या वाळकेश्वरचा. लहानपणी बासरी, पुढं सतार. 1884 च्या सुमारास ते पारशी गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले आणि तिथं त्यांना धृपद-ख्यालाची तालीम मिळाली. सोबत शिक्षण चालूच होतं. 1885 मध्ये बीए, 1887 मध्ये एलएलबी. काही काळ कराचीतही वकिली केली.

पण डोक्यात एकच प्रश्न होता. एकच राग दोन गवई वेगवेगळा गातात, तर शिकणाऱ्यानं खरा कुठला धरायचा?

1900 नंतर अवघ्या काही वर्षांत त्यांची पत्नी आणि मुलगी दोघीही गेल्या. हळूहळू वकिली सुटली आणि संगीत हेच काम झालं.

1904 मध्ये ते दक्षिणेत गेले. तिथं त्यांनी कर्नाटक संगीतातली 72 मेळांची पद्धत समजून घेतली. मग उत्तरेतली शहरं पालथी घातली. जुने ग्रंथ वाचले, गवयांना भेटले, प्रश्न विचारले. जयपूरच्या मोहम्मद अली खाँ यांच्या घरातल्या शेकडो चिजा त्यांच्या मुलांकडून मिळवल्या. त्या काळात फोनोग्राफही वापरला. म्हणजे आज आपण मोबाईलवर रेकॉर्डिंग करतो तसंच.

या सगळ्यातून काय उभं राहिलं?

शेकडो राग त्यांनी 10 थाटांत बसवले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. गुरू-शिष्यांच्या संवादातून समजावणारा 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला.

आणि नवशिक्यांसाठी 'क्रमिक पुस्तक मालिका' काढली. सहा भाग, सोप्याकडून अवघडाकडे जाणारे. त्यात दीड हजाराहून जास्त चिजा छापल्या.

त्या लिहिण्याची पद्धतही साधी ठेवली. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. समेवर फुली, खालीला शून्य. अर्ध्या तासात कळेल असा हिशोब.

पुस्तक झालं, आता शिकवणारे हवेत. 1916 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या पाठिंब्यानं बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. 1918 मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झालं, 1926 मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. तेच आज भातखंडे यांच्या नावानं विद्यापीठ म्हणून उभं आहे.

विरोधही झाला. सगळे राग 10 थाटांत बसत नाहीत, हा आक्षेप आजही घेतला जातो. कागदावर चीज येते, गायकी येत नाही, असं घराण्याचे गवई म्हणायचे. त्यात तथ्य होतंच. पण ज्याला गुरूच्या दारात उभं राहायलाही मिळत नव्हतं, त्याच्या हातात निदान पहिलं पान तरी आलं.

शेवटची काही वर्षं अर्धांगवायूत गेली. 19 सप्टेंबर 1936 रोजी भातखंडे वारले.

आता परत गिटारकडे येऊ.

गिटारवर एका तारेवर 12 पट्ट्या पुढं गेलात की तोच स्वर वरच्या सप्तकात भेटतो. म्हणजे भातखंड्यांच्या पुस्तकातले सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र असे 12 स्वर तुमच्या बोटाखाली आहेतच. टॅबमध्ये सहा रेघा म्हणजे सहा तारा आणि आकडा म्हणजे पट्टी. ही पण एक लिपीच.

त्यामुळं शिकायला काही निवडताना तीन गोष्टी बघा. धडे क्रमानं आहेत का, म्हणजे आधी तार जुळवणं, मग एक-दोन सोपे कॉर्ड, मग ताल आणि मगच गाणं? सगळीकडे लिहिण्याची पद्धत एकच आहे का? आणि जे लिहिलंय ते वाजवून ऐकवलंय का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर तोच एक कोर्स धरा आणि शेवटपर्यंत न्या.

शिवाय महिन्यातून एकदा का होईना, कुणा जाणकाराला आपलं वाजवणं ऐकवा. पुस्तकं लिहूनही भातखंड्यांनी शाळा काढल्या. चुकलेला सूर पुस्तकाला ऐकू येत नाही, त्याला समोर माणूसच लागतो.