जमशेटजी टाटा : एम्प्रेस मिलमध्ये बदल कसा रुजला?

जमशेटजी नसरवानजी टाटा (१८३९–१९०४) पोलाद आणि वीज उद्योगाचे स्वप्न पाहणारे उद्योजक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. पण चालत्या कारखान्यात नवे विचार कसे रुजवावेत, हे त्यांनी त्याआधीच नागपुरात दाखवून दिले होते.

नवसारीत जन्मलेल्या जमशेटजींनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरण्यांचे केंद्र मुंबई होते. नागपुरात मात्र कापूस दाराशी होता. व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमले. ते रेल्वेतून आलेले होते, कापडधंद्यातले नव्हते.

तेव्हा कताईसाठी ‘म्यूल’ यंत्रे रूढ होती. त्यांत सूत ओढून पीळ देणे आणि ते गुंडाळणे आळीपाळीने होई. नव्या ‘रिंग’ यंत्रात ही कामे अखंड चालत. इंग्लंडमधील बहुतेक गिरण्या म्यूलवरच विसंबून होत्या. जमशेटजींनी आधी मोजकी रिंग यंत्रे बसवून पारखली आणि खात्री पटल्यावर त्यांची संख्या वाढवली.

यंत्रे बदलली तरी माणसांचा प्रश्न उरला. कामगारांची गैरहजेरी मोठी होती. केवळ दंडाचा बडगा उगारण्याऐवजी जमशेटजींनी कामावर टिकून राहणे कामगाराच्याच हिताचे केले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी उभा राहिला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली.

अशा भरपाईचा कायदा भारतात १९२३ मध्ये झाला. एम्प्रेस मिलमध्ये तोवर ती २८ वर्षे जुनी रीत होती.