५६ जागांचे कुंपण तोडणारी परिचारिका

परिचारिका भगिनींच्या संघटनांचे काम आता मोबाईलवरून चालते. व्हॉट्सअ‍ॅपवर निवेदन, फेसबुकवर धरण्याचे फोटो, मंत्र्यांना मेसेजचा भडिमार. हे सारे करावेच. पण कोणाला, केव्हा आणि कोणता पुरावा हाती घेऊन सांगायचे हे आधी ठरलेले नसेल, तर गलका होतो, दबाव होत नाही. टाइपरायटर आणि तारेच्या जमान्यात हे नियोजन करून अमेरिकेच्या लष्कराला नमविणाऱ्या मेबल कीटन स्टॉपर्स यांची ओळख म्हणूनच आम्ही आज करून देत आहोत.

मेबल यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८९० रोजी वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर झाला. १९०३ साली त्या आईसोबत न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आल्या. (बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते या हार्लेमच्या शेजारचेच.) १९१७ साली वॉशिंग्टनच्या फ्रीडमेन्स हॉस्पिटलमधून त्यांनी परिचारिकेचे शिक्षण पूर्ण केले. त्या काळी काळ्या क्षयरोग्याला गोऱ्यांच्या इस्पितळात धड खाट मिळत नसे. १९२० साली त्यांनी दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांसोबत हार्लेममध्ये क्षयरोग्यांसाठी बुकर टी. वॉशिंग्टन सॅनेटोरियम उभारले. पुढे त्यांनी हार्लेमच्या आरोग्याची पाहणी केली आणि त्यातून निघालेल्या हार्लेम कमिटीचे काम १९३४ पर्यंत सांभाळले. रोगी किती, खाटा किती, दारातून परत पाठविलेले किती, हे मांडण्याची सवय त्यांना इथे लागली. पुढची सारी लढाई या सवयीवर उभी राहिली.

१९३४ साली त्या नॅशनल असोसिएशन ऑफ कलर्ड ग्रॅज्युएट नर्सेस या संघटनेच्या पहिल्या पगारी कार्यकारी सचिव झाल्या. १९०८ साली ५२ परिचारिकांनी स्थापलेली ही संघटना तेव्हा अगदी कृश झाली होती. स्टॉपर्स यांनी तिचे कार्यालय थाटले ते रॉकफेलर सेंटरमध्ये, गोऱ्या परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनांच्या शेजारी. ज्यांच्याशी भांडायचे त्यांच्या रोज नजरेस पडायचे, हा त्यामागचा हिशेब असावा असे आम्हास वाटते.

भांडण कशाचे होते? अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या राष्ट्रीय नियमांत काळ्यांना बंदी अशी नव्हती. सभासदत्व मात्र राज्य संघटनेमार्फतच मिळे आणि दक्षिणेकडील राज्य संघटना काळ्या परिचारिकेला घेत नसत. वरचा दरवाजा उघडा, पण तिथे जाणारा जिनाच बंद! कायद्याचे काम करणाऱ्या आम्हाला ही युक्ती चांगली परिचयाची आहे. आपल्याकडेही आता दारावर जातीची पाटी लावत नाहीत, मुलाखतीत गुण कापतात.

मग दुसरे महायुद्ध आले. १९४१ च्या प्रारंभी लष्कराने काळ्या परिचारिकांना घेण्याचे मान्य केले, पण फक्त ५६. देशात प्रशिक्षित काळ्या परिचारिका आठ-नऊ हजार. नौदलाने तर एकीलाही घेतले नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अमेरिकन कोटा आणि आपले आरक्षण एक नव्हे. आपले आरक्षण म्हणजे याहून कमी नाही असा तळ. तो कोटा म्हणजे याहून जास्त नाही असे छप्पर. आरक्षणाला विरोध करणारे दोन्हींना एकाच तराजूत घालतात, तेव्हा हा फरक त्यांच्या पुढ्यात ठेवावा. त्याच १९४१ साली, बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर, बेळगावात महार पलटण पुन्हा उभी राहिली. लष्करातील प्रवेश म्हणजे नागरिकत्वाचाच दावा, हे दोन्हीकडे ओळखले गेले होते.

स्टॉपर्स यांनी त्या ५६ जागा नाकारायला सांगितले नाही. आत गेलेल्यांना त्यांनी साक्षीदार मानले. कॅम्प लिव्हिंग्स्टन, फोर्ट ब्रॅग येथे कशी वागणूक मिळते याची माहिती त्या गोळा करीत. ती कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांना, नागरी हक्काच्या संघटनांना, साथ देणाऱ्या गोऱ्या परिचारिका पुढाऱ्यांना पोहोचे. पुढे उघड झाले की काही काळ्या परिचारिकांना अमेरिकेत आणलेल्या जर्मन युद्धकैद्यांच्या शुश्रूषेला नेमले आहे. म्हणजे नाझी कैद्याला काळा हात चालतो, स्वतःच्या जखमी गोऱ्या सैनिकाला चालत नाही! ३ नोव्हेंबर १९४४ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांची भेट घेऊन स्टॉपर्स यांनी हे सारे त्यांच्यापुढे मांडले.

खरी संधी आली जानेवारी १९४५ मध्ये. परिचारिका अपुऱ्या पडतात, सक्तीची भरती करावी लागेल, असे लष्करी वैद्यकीय सेवेचे प्रमुख जनरल नॉर्मन कर्क न्यूयॉर्कच्या एका सभेत बोलले. स्टॉपर्स उभ्या राहिल्या आणि विचारले, गरज इतकी असेल तर काळ्या परिचारिकांना का घेत नाही? ६ जानेवारीला खुद्द राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसकडे सक्तीच्या भरतीचा कायदा मागितला. मग देशभरातून तारांचा पाऊस पडला. माणसे आणि मुद्दे चार वर्षांपासून तयार होते, म्हणूनच काही दिवसांत हे घडू शकले. २० जानेवारीला कर्क यांनी वर्ण न पाहता भरती जाहीर केली. पाच दिवसांनी नौदलानेही तेच केले. ८ मार्च १९४५ रोजी फिलिस डेली नौदलातील पहिली काळी परिचारिका झाली. युद्ध संपेपर्यंत लष्करात सुमारे ५०० जणी होत्या. आकडा मोठा नाही, पण छप्पर गेले होते.

१९४८ साली अमेरिकन नर्सेस असोसिएशनने राज्य संघटनेला वगळून थेट सभासदत्वाची वाट खुली केली. त्यानंतर १९५१ साली स्टॉपर्स यांनी, तेव्हा त्या अध्यक्षा होत्या, आपली संघटनाच विसर्जित केली. उद्देश सफल झाला, आता वेगळे घर नको, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी त्यांना स्पिंगार्न पदक मिळाले. आम्ही या निर्णयाशी सहमत नाही. प्रवेश मिळणे आणि आत बरोबरीने वागविले जाणे, यांत अंतर असते. त्या अंतरावर पहारा कोणी करायचा? १९७१ साली काळ्या परिचारिकांना नॅशनल ब्लॅक नर्सेस असोसिएशन ही वेगळी संघटना काढावीच लागली.

स्टॉपर्स यांनी या लढ्याचा इतिहास १९६१ साली पुस्तकरूपाने लिहून ठेवला. १९८९ साली त्यांचे निधन झाले. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने आपल्या वर्णभेदी वागणुकीची लेखी कबुली दिली ती २०२२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर ३३ वर्षांनी.