मोलेसरशास्त्री : मराठी शब्द वेचणारा इंग्रज

इंग्रजी शब्दाचा अर्थ अडला की तुम्ही काय करता? कोणी मोबाईल काढतो, कोणी शब्दकोश उघडतो. पण दोनशे वर्षांपूर्वी मराठी माणसाजवळ मोबाईल नव्हता आणि असा मोठा शब्दकोशही नव्हता. हे काम ज्याने हाती घेतलं, त्या माणसाची आज ओळख करून घेऊ. त्याचं नाव जेम्स थॉमस मोल्सवर्थ. मराठी लोक त्याला प्रेमाने मोलेसरशास्त्री म्हणायचे.

मोल्सवर्थचा जन्म १७९५ साली इंग्लंडमध्ये झाला. साधारण सोळाव्या वर्षी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नोकरीसाठी भारतात आला. विचार करा, आपल्याकडे या वयात मुलं दहावीचा अभ्यास करतात! इथे आल्यावर तो मराठी आणि हिंदुस्थानी भाषा शिकला, त्यांच्या परीक्षा पास झाला. १८१८ साली पेशवाई संपली. आता कंपनीच्या साहेबांना मराठी मुलखाचा कारभार करायचा होता, पण लोकांची भाषा समजत नव्हती. ही अडचण मोल्सवर्थने ओळखली आणि तो शब्द गोळा करायला लागला. पुढे सरकारने या कामाला मान्यता दिली. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ त्याच्या मदतीला आले.

पण बरं का, हे काम एकट्या साहेबांचं नव्हतं. शब्द वेचणारे, त्यांचे अर्थ समजावून सांगणारे मराठी शास्त्री-पंडित सोबत होते. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि इतर शास्त्र्यांनी तर १८२९ साली मराठीचा मराठीतच कोश तयार केला. त्यानंतर १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते. पोथीतले शब्द तर होतेच, पण बाजारातले, शेतातले, घरातले शब्द आणि म्हणीसुद्धा होत्या. लोक जे बोलतात ते कोशात आलं पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

मग उलट काम हाती घेतलं, इंग्रजी-मराठी कोशाचं. हे काम वेगळंच अवघड. का ते एका उदाहरणातून बघा. मराठीत क, म, ल ही अक्षरं घेतली तर कमल होतो आणि कलम होतो. अक्षराची जागा बदलली तरी त्याचा उच्चार तोच राहतो. इंग्रजीत तसं नाही. ए, ई आणि टी ही तीन अक्षरं घ्या. त्यांच्यापासून ईट म्हणजे खाणे, एट म्हणजे खाल्ले आणि टी म्हणजे चहा, असे तीन शब्द होतात. अक्षरं तीच, पण उच्चारही बदलला आणि अर्थही. म्हणून इंग्रजी शब्द नुसता ऐकून कोशात सापडत नाही, त्याची अक्षरं क्रमाने माहीत असावी लागतात.

दिलेल्या अक्षरांतून शब्द शोधायचे असतील तर एक सोपी रीत आहे. प्रत्येक अक्षर आळीपाळीने पहिलं ठेवा आणि उरलेली फिरवून बघा. तीन वेगवेगळ्या अक्षरांच्या सहा मांडण्या होतात, चार अक्षरांच्या चोवीस. त्यातला खरा शब्द कोणता, हे आपण अंदाजाने ठरवायचं नाही. कोश उघडायचा, पहिल्या अक्षराचं पान काढायचं, मग दुसरं अक्षर, मग तिसरं. सापडला तर शब्द, नाही तर नुसती अक्षरं!

इंग्रजी-मराठी कोशाचं काम चालू असतानाच मोल्सवर्थची तब्येत ढासळली. १८३६ साली काम अर्धवट टाकून त्याला इंग्लंडला परत जावं लागलं. थॉमस कँडीने मात्र ते सोडलं नाही. १८४७ साली त्याने तो कोश पुरा केला. एका इंग्रजी शब्दासमोर मराठीतले अनेक शब्द, छटेप्रमाणे वेगवेगळे, असा हा कोश आहे. आपण मराठीत स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह वापरतो ना, ती विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेयही याच कँडीला दिलं जातं.

मोल्सवर्थ १८५१ साली पुन्हा भारतात आला. कशासाठी? आपलाच जुना कोश सुधारण्यासाठी. छापून झालं, नाव झालं, आता बसू निवांत, असं त्याने केलं नाही. १८५७ साली दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा शब्द सुमारे ६०,००० झाले होते. १८७१ साली इंग्लंडमध्ये त्याचं निधन झालं. बाबा पदमनजींनी त्याच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती केली. मूळ कोश पुण्यात पुन्हा छापला गेला आणि आता तो इंटरनेटवरही फुकट बघता येतो.

आता आपल्या अमरावती-अकोल्याकडची एक गोष्ट. पहिला कोश तयार झाला तेव्हा वऱ्हाड कंपनीच्या मुंबई इलाख्यात नव्हतं, ते निजामाच्या राज्यात होतं. १८५३ साली ते इंग्रजांच्या ताब्यात आलं. म्हणून आपले वऱ्हाडी शब्द तपासून बघायला मजा येईल. पोट्टं, वावर, पऱ्हाटी हे शब्द मोल्सवर्थच्या कोशात आहेत का, शोधा. आजीला, आबाजीला आणखी शब्द विचारा. प्रत्येकासमोर मराठी अर्थ आणि इंग्रजी शब्द लिहा.

आणि एक लक्षात ठेवा. घरी बोललेला शब्द वर्गात तोंडून निघाला, कोणी हसलं, तर लाजू नका. परमुलखातून आलेल्या माणसाने आपल्या भाषेतला एकेक शब्द वेचण्यात आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. मग आपलेच शब्द आपण का टाकून द्यायचे? वहीचं पहिलं पान आजच काढा, वर 'अ' लिहा आणि सुरुवात करा.