न बोललेले दुखणे : नामदार गोखले

नामदार गोपाळ कृष्ण गोखले म्हटले की आपल्याला त्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे आठवतात, भारत सेवक समाज आठवतो, महात्मा गांधींचे राजकीय गुरू आठवतात. परीक्षेपुरते एवढे पुरते. परंतु त्यांचे चरित्र वाचताना माझे लक्ष एका निराळ्याच गोष्टीकडे गेले. ती म्हणजे त्यांचे दुखणे, आणि त्या दुखण्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील कागलला नोकरीस होते. १८७९ साली वडील वारले आणि थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळाला पाठवीत. वहिनी-भावाच्या तोंडचा घास आपण खातो आहोत, ही जाणीव ज्या मुलाला झाली, तो काय मागणार? हाताने स्वयंपाक करावा, दिव्याचे तेल वाचवावे, आणि कशाचीही तक्रार करू नये, हे त्याच्या अंगवळणी पडले. १८८१ मध्ये तो मॅट्रिक झाला, येथील राजाराम कॉलेजात शिकला आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, बी. ए. झाला. सोसण्याच्या या सवयीने त्याला मोठे केले, यात शंका नाही.

तीच सवय पुढे दुखण्यात आडवी आली असे मला वाटते. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले दिनशा वाच्छांबरोबर इंग्लंडला निघाले. वाटेत फ्रान्सच्या कॅले बंदरात ते पडले आणि छातीला जबर मार बसला. त्यांनी तो कोणाला सांगितला नाही. लंडनला पोचल्यावरही काही दिवस निमूटपणे कळ काढली. दुखणे असह्य झाले तेव्हा डॉक्टर आले, आणि हृदयापर्यंत इजा पोचल्याचे कळले. मग अंथरुणावर पडून राहावे लागले. वाच्छा आणि काँग्रीव्ह नावाच्या एका इंग्रज बाईंनी त्यांची शुश्रूषा केली. थोडे बरे वाटताच त्यांनी कमिशनपुढे उत्तम साक्ष दिली. प्रकृती मात्र पुढे कधी पूर्ववत झाली नाही.

१९०२ च्या आरंभी गांधीजी कलकत्त्याला त्यांच्याकडे महिनाभर राहिले. गोखले चालण्याचा व्यायाम घेत नाहीत, हे त्यांना खटकले. त्यांनी विचारले तेव्हा गोखल्यांनी वेळ नसल्याचे कारण दिले. देशकार्यापुढे शरीराकडे पाहणे म्हणजे चैन, अशी जणू त्यांची समजूत होती. १९१२ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले. टॉलस्टॉय फार्मवर त्यांच्यासाठी मुद्दाम खाट आणली होती. पण बाकीचे सगळे जमिनीवर झोपतात हे कळताच त्यांनी खाट काढायला लावली. पाय चेपून घेण्यासही नकार दिला. तोवर मधुमेहही जडलेला होता.

आणि १९१४ मध्ये लंडनला काय घडले पाहा. गांधीजींना छातीचे दुखणे झाले. डॉक्टर जीवराज मेहता दूध आणि धान्य घ्या म्हणून सांगत होते. गांधीजींचा स्वतःच्या फलाहारावर विश्वास होता. तेव्हा डॉक्टरांचे ऐका म्हणून सर्वांत जास्त आग्रह धरला तो गोखल्यांनी! गांधीजींनी एक रात्र विचार करून दूध नाकारले. एक गुरू, एक शिष्य, दोघेही आजारी. दोघांच्या उपचाराची दिशा औषधाआधी त्यांच्या समजुतींनी ठरविली.

फेब्रुवारी १९१५ मध्ये गांधीजी पुण्यास आले. त्यांच्यासाठी केलेल्या समारंभास गोखले आजारी असूनही आले आणि तेथे त्यांना मूर्च्छा आली. १९ फेब्रुवारीला ते गेले. वय अवघे ४८. न बोलण्यामुळेच ते गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मधुमेहावरचे इन्सुलिन १९२१ साली सापडले; गोखल्यांच्या हयातीत तो इलाजच नव्हता. पण जे दुखणे सांगितलेच नाही, त्यावर कोणता डॉक्टर काय करणार?

आज वैद्यकशास्त्र सांगते की तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेत रोग्याची समजूत हाही उपचाराचा भाग असतो. हाललो तर आतून काही मोडेल या भीतीने जो पडून राहतो, त्याचे स्नायू दुबळे होतात आणि दुखणे वाढते. उलट दुखणे दडवून जो राबतच राहतो, तो उपचाराची वेळ घालवतो. दोघांनाही आधी हवे असते ते मोकळेपणाने बोलणे आणि नीट समजावून सांगणारे माणूस.

आमच्या घरी कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. भांगलणीला जाणाऱ्या माझ्या आईची कंबर किती वर्षे दुखते आहे, हे मला माहीत नाही. कारण विचारले की ती म्हणते, बाईमाणसाला एवढे चालायचेच. हे धैर्य आहे, पण ती समजूतही आहे, आणि समजूत बदलता येते. गोखल्यांपासून आपण कष्ट, अभ्यास आणि सार्वजनिक कामाची निष्ठा घ्यावी. त्यांचे मौन तेवढे घेऊ नये. घरातल्या दुखणेकऱ्याला, तुला कुठे दुखते, केव्हापासून दुखते, हे आपण आपणहून विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत तेथून हलू नये.