मारी ताल्योनी : पांढऱ्या झग्यातील परी

गणेशोत्सवात करमणुकीच्या कार्यक्रमाची रात्र आली की पडद्यामागे आयांची निम्मी धावपळ कपड्यांचीच असते. गेली काही वर्षे त्या कपड्यांत जाळीचा फुगीर, पांढरा किंवा गुलाबी ‘परीचा’ झगाही दिसतो. हा झगा मूळचा युरोपातील बॅले नृत्याचा, तिकडे त्याला ‘टूटू’ म्हणतात. रंगमंचावर तो ज्या नर्तिकेमुळे रूढ झाला, तिचे नाव मारी ताल्योनी.

मारीचा जन्म २३ एप्रिल १८०४ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे झाला. वडील फिलिप्पो ताल्योनी हे इटालियन नर्तक व नृत्यरचनाकार. आई सोफी ही स्वीडनच्या एका नामांकित ऑपेरा गायकाची मुलगी. घरात कला होती, पण मुलीला देखणेपण लाभले नव्हते. अंगाने किडकिडीत, हात जरुरीपेक्षा लांब आणि पाठीला किंचित बाक. लहानपणी पॅरिसमध्ये नाच शिकताना तिच्यापासून कुणालाच फारशी आशा नव्हती.

वडिलांनी तिला व्हिएन्नाला बोलावून घेतले. तिचा नाच पाहून ते निराश झाले आणि स्वतःच तिची तालीम घेऊ लागले. सहा महिने, रोज सहा तास. एका पायावर तोल सांभाळून मनात शंभर आकडे मोजायचे, मग पाय बदलायचा. उडी कितीही उंच असो, जमिनीवर उतरताना पावलाचा आवाज होता कामा नये. लांब हातांचे वैगुण्य झाकण्यासाठी ते छातीशी अलगद गुंफायला किंवा खाली सैल सोडायला त्यांनी शिकवले. ज्याला दोष म्हणत होते, तीच पुढे तिची शैली ठरली. १८२२ साली, अठराव्या वर्षी, ती व्हिएन्नाच्या रंगमंचावर उभी राहिली आणि १८२७ मध्ये पॅरिसला आली.

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर वडिलांनी रचलेले ‘ला सिल्फीद’ हे बॅले सादर झाले. स्कॉटलंडमधील एक तरुण ऐन लग्नाच्या दिवशी वधूला सोडून एका वनपरीच्या मागे धावतो. तिला पकडून ठेवण्याच्या नादात तिचे पंख गळून पडतात आणि ती मरते, अशी ही कथा. परीचे काम मारीकडे होते. तिचा वेश म्हणजे अंगाला घट्ट बसणारी चोळी, पाठीवर इवलेसे पंख आणि गुडघ्याखालपर्यंत घंटेसारखा फुगलेला, तलम पांढऱ्या कापडाचा थरांचा झगा. तो चित्रकार यूजेन लामी यांनी योजला असे मानतात. झगा घोट्यांच्या वर असल्याने पदन्यास स्पष्ट दिसे. पायाच्या बोटांवर उभे राहणे तिच्या आधीही काही नर्तिका करीत, पण ती कसरत वाटे. मारीने त्यात भाव आणला. तिच्या साटिनच्या मऊ सपातांना आजच्यासारखे टणक टोक नव्हते. धाग्याने शिवून थोडी बळकटी दिलेली, एवढेच. गॅसच्या दिव्यांच्या उजेडात ती जमिनीला न टेकता तरंगते आहे असे प्रेक्षकांना वाटले. पुढे लंडन, सेंट पीटर्सबर्ग सर्वत्र तिचे कौतुक झाले. संसार मात्र टिकला नाही. १८३२ मध्येच एका सरदाराशी झालेले लग्न थोड्याच वर्षांत मोडले. १८४७ मध्ये तिने रंगमंचाचा निरोप घेतला.

१८५८ साली पॅरिसमध्ये एमा लिव्री नावाची सोळा वर्षांची मुलगी त्याच ‘ला सिल्फीद’मध्ये नाचली. तिला पाहून मारी पॅरिसला परतली, ऑपेरात नृत्यशिक्षणाचे काम पाहू लागली आणि एमाला तिने पोटच्या पोरीसारखे घडवले. १८६० मध्ये तिच्यासाठी ‘ल पापियों’, म्हणजे ‘फुलपाखरू’, हे बॅले रचले. संगीत ऑफेनबाख यांचे. त्यातील फुलपाखरू मशालीच्या ज्योतीकडे झेपावते आणि त्याचे पंख होरपळतात.

त्या काळी रंगमंचावर गॅसच्या उघड्या ज्योती असत आणि झगे पेट घेत. म्हणून कापडावर अग्निरोधक प्रक्रिया करण्याचा नियम झाला होता. पण त्याने कापड ताठ होई, मळकट दिसे. तरंगण्याचा सारा भासच जाई. एमाने ते घालायला नकार दिला आणि जबाबदारी आपली, असे लिहूनही दिले. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी एका ऑपेराच्या तालमीत तिचा झगा दिव्याजवळ गेला आणि क्षणात भडकला. आठ महिने यातना सोसून जुलै १८६३ मध्ये ती गेली. ज्या झग्याने गुरूला परी केले, त्यानेच शिष्येचा घास घेतला. त्या वेशाचे जळके तुकडे आजही पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात आहेत.

मारीने पुढे एकही बॅले रचले नाही. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर पैसाही गेला. एकेकाळी राजेरजवाड्यांनी डोक्यावर घेतलेली ही नर्तिका उतारवयात लंडनमध्ये खानदानी घरांतील मुलींना नाच आणि चालण्या-वागण्याची रीत शिकवून पोट भरू लागली. २२ एप्रिल १८८४ रोजी, ऐंशी वर्षे पुरी व्हायला एक दिवस उरला असताना, मार्सेय येथे तिचे निधन झाले.

झगा मात्र बदलत राहिला. अवघड गिरक्या आणि पायांचे काम दिसावे म्हणून तो आखूड होत गुडघ्याच्या वर आला आणि विसाव्या शतकात ताटासारखा कमरेभोवती आडवा पसरला. मारीचा लांब, घंटेच्या आकाराचा झगाही ‘रोमँटिक टूटू’ या नावाने अजून वापरात आहे. उघड्या ज्योतींची जागा विजेच्या दिव्यांनी घेतली.

आपल्या मांडवात मात्र समई, निरांजने आणि आरतीचे तबक असतेच. यंदा जाळीच्या झग्यातली एखादी चिमुकली परी रंगमंचावर जायला निघाली, की तिचे कौतुक जरूर करावे. आणि वाटेतली समई आधी चार हात बाजूला सरकवावी.