विश्लेषण : मुळे खुरटवणारे ॲल्युमिनियम आणि डॉ. हॅरॉल्ड मॅन यांचा धडा

सांगली, माधवनगर भागातील काळ्या जमिनीत खारवट-चोपणचा त्रास, तर सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्या जमिनीत आम्लतेचा. मातीची ही दोन्ही दुखणी एकाच शास्त्रज्ञाने अभ्यासली होती.

कोण होते डॉ. मॅन?
जन्म १८७२, इंग्लंड. १९०० मध्ये चहामळ्यांचे शास्त्रज्ञ म्हणून ते भारतात आले. १९०७ मध्ये पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, पुढे मुंबई इलाख्याचे कृषी संचालक. पुण्याजवळच्या एका खेड्याची त्यांनी केलेली पाहणी आजही अभ्यासली जाते.

नीरा खोऱ्यात काय आढळले?
व्ही. ए. ताम्हाणे यांच्यासह त्यांनी नीरा कालव्याखालील खारवट जमिनी तपासल्या. अहवाल १९१० मध्ये आला. पाणी भरपूर, निचरा अपुरा. त्यामुळे भूजल वर येते आणि क्षारही वर आणते.

मग ॲल्युमिनियम कुठे आले?
१९२८ मध्ये मॅन इंग्लंडमधील वोबर्नच्या प्रयोगशेतावर गेले. तिथे १८७६ पासून काही वाफ्यांना दरवर्षी अमोनियम खत दिले जात होते. हलकी माती आम्ल झाली आणि बार्ली बसली. चुना दिलेल्या वाफ्यांत मात्र पीक सावरले.

पिकाला नेमके काय होते?
ॲल्युमिनियम प्रत्येक मातीत असते, पण बांधलेले. सामू साधारण ५.५ खाली गेला की ते विरघळू लागते.
• मुळांची टोके जाड व आखूड होतात, बारीक फाटे फुटत नाहीत.
• स्फुरद मातीत आणि मुळांत अडकते.
• कॅल्शियम, मॅग्नेशियम कमी शोषले जाते.
• मुळे वरच्याच थरात राहिल्याने थोडी उघडीप पडली तरी पीक सुकते.
खत देऊनही पीक उपाशी राहते ते यामुळे. चहा मात्र आम्ल मातीतच पोसतो आणि ॲल्युमिनियम पानांत साठवतो.

माधवनगरच्या शेतकऱ्याने काय करावे?
काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ च्या वर असतो, त्यामुळे तिथे ॲल्युमिनियमची भीती नाही आणि चुन्याचाही उपयोग नाही. खारवट जमिनीला निचरा हवा. चोपण जमिनीला जिप्सम आणि निचरा. चुना आम्ल जांभ्या जमिनीसाठी. दोन्हीकडे पीक पिवळे आणि खुरटे दिसू शकते, म्हणून आधी माती परीक्षण, मग खर्च.

मॅन १९६१ मध्ये वारले. त्यांनी तपासलेली दोन्ही दुखणी आजही शेतकऱ्यांच्या वाट्याला येतात.